वायनरी निफाडची आणि मजकूर फ्रान्सचा: आमची गोष्ट कशी सांगू?

निफाडची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर निफाड तालुक्यातलं. सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी जन्मभर थॉमसन ही खायची द्राक्षं पिकवली, युरोपला माल पाठवला. मग एका कंपनीशी करार करून दोन प्लॉट वाईनच्या द्राक्षांना दिले. आता दोन भागीदार घेऊन स्वतःची छोटी वायनरी उभी केली आहे. परवाने झाले, टाक्या बसल्या, चेनिन ब्लांक ही पांढरी वाईन बाटलीत गेली. टेस्टिंगसाठी बागेच्या कडेला ओसरीसारखी जागा बांधली. राहिली वेबसाइट आणि इन्स्टाग्राम. घरात एम.कॉम. मी आणि मोबाईल बरा चालवणारीही मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

आधी एका एजन्सीकडून मजकूर लिहून घेतला होता. त्यात 'मावळत्या सूर्याच्या सोन्यात न्हालेले द्राक्षमळे', 'युरोपच्या शतकांच्या परंपरेचा वारसा' आणि 'प्रत्येक घोटात एक प्रवास' असं सगळं होतं. दादांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हा मळा कोणाचा?"

मलाही तेच वाटलं. आमची गोष्ट अशी नाहीच. दादांचं अख्खं आयुष्य मणी मोठा करण्यात गेलं. जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) डिप द्यायचे, विरळणी करायची, घडाला कागद लावायचे आणि शेवटी पट्टी लावून मणी अठरा एमएम भरतो का बघायचं. भरला तर एक्स्पोर्ट, नाही तर लोकल. आणि वाईनच्या प्लॉटवर हे सगळं उलटं. जीए नाही, मणी बारीकच ठेवायचा, कारण रंग आणि चव सालीत असते आणि मणी फुगला की सालीच्या मानाने पाणी जास्त. वर झाडावर माल जास्त दिसला तर चांगले हिरवे घड कापून खाली टाकायचे. पहिल्या वर्षी ते करताना दादा बागेत थांबलेच नाहीत. मजुरांना सांगून घरी निघून आले.

हे लिहावं असं मला वाटतं. भागीदारांचं म्हणणं, हे शेतकऱ्याचं रडगाणं झालं, मुंबईच्या गिऱ्हाइकाला 'फील' पाहिजे.

आणखी दोन अडचणी. गेल्या हंगामात शिराज, म्हणजे रेड वाईनची द्राक्षं, तयार होत आली आणि अवकाळी आला. मणी तडकले, साखर चढेना. जी वाईन झाली ती आमच्या नावाने बाटलीत भरायची नाही असं ठरलं आणि सुटी दुसऱ्या वायनरीला दिली. पेजवर लोक विचारतात, "रेड कुठाय?" काय सांगू? आणि दुसरं म्हणजे सासूबाई माळकरी आहेत. बाटलीला हात लावत नाहीत, पण तोडणीच्या रात्री सगळ्या मजुरांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. हे सांगण्यासारखं आहे की घरातच ठेवण्यासारखं?

मराठीत लिहू की इंग्रजीत, तेही सांगा.

---

कॉर्कस्क्रू_कोथरूड

ताई, राग मानू नका, पण एवढं वाचतो कोण? मी आणि माझा ग्रुप वर्षातून एकदोनदा नाशिकला येतो. वायनरी निवडताना आम्ही तीनच गोष्टी बघतो: बसायची जागा, जेवण आणि फोटो कसे येतात. नाशिकच्या सुला वायनरीने २००८ मध्ये सुलाफेस्ट हा गाण्यांचा महोत्सव सुरू केला तेव्हा निम्मी गर्दी गाण्यांसाठीच होती. वाईन कळायला लागली ती नंतर. आधी माणूस दारात तर येऊ दे. ओसरीचा संध्याकाळचा फोटो टाका, पुण्यातल्या दोन इन्फ्लुएन्सरना बोलवा, एखादा ड्रोन शॉट घ्या. दादांची गोष्ट आलेल्या माणसाला तोंडी सांगा.

---

तळघर

ताई, मी नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये आधी सेलरमध्ये (वाईन बनते, साठवतात तिथे) होतो, नंतर बरीच वर्षं टेस्टिंग काउंटरच्या मागे. सेलरमध्ये काम म्हणजे वाईन बनवणं कमी आणि पाइप, टाक्या धुणं जास्त, हेही कुणी कधी लिहीत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरच्या पोस्टमधलं एक खरं आहे, माणूस फोटो बघूनच येतो. पण काउंटरला टेकला की तो सूर्यास्ताबद्दल एक अक्षर विचारत नाही. पहिला प्रश्न, "गोड आहे का?" दुसरा, "जितकी जुनी तितकी चांगली ना?" तिसरा, "खरंच पायाने तुडवता?" आणि निघताना, "उघडल्यावर किती दिवस टिकते?" तुमचे पहिले चार मजकूर इथेच तयार आहेत. तुमची चेनिन कोरडी की गोडसर, ते पहिल्या ओळीत लिहा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन ताज्या असतानाच, वर्षा-दोन वर्षांत प्यायच्या असतात. कपाटात जपून ठेवायच्या नसतात. लग्नात मिळालेली बाटली पाचव्या वाढदिवसाला उघडून "खराब निघाली" म्हणणारे मी किती पाहिले. पायाने तुडवणं हा पाहुण्यांचा खेळ आहे, त्या द्राक्षांची वाईन बाटलीत जात नाही, हे हसत सांगून टाका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. झालं.

आता वारशाबद्दल. एजन्सीवाल्यांना वाटतं की वाईनला जुना वाडा पाहिजे, संन्यासी पाहिजे. फ्रान्समध्येही त्यातलं बरंच नंतर चिकटवलेलं आहे. दोम पेरिन्यों हा संन्यासी १६६८ मध्ये शॅम्पेन भागातल्या ओव्हीलेच्या मठात आला आणि १७१५ मध्ये वारला. शॅम्पेनचा शोध त्याने लावला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. त्या काळी बाटलीतले बुडबुडे हा दोष धरला जायचा. त्याचं काम द्राक्षांची निवड आणि वेगवेगळ्या मळ्यांचा माल एकत्र करण्याचं. "मी तारे पितोय" हे त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जाहिरातीतलं आहे. त्याच शॅम्पेनमध्ये खरी गोष्ट मात्र होती. बार्ब-निकोल क्लिको, १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची. धंदा हातात घेतला. बाटलीतला गाळ कसा काढायचा हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. टेबलाला भोकं पाडून, बाटल्या उलट्या लावून, रोज थोड्या फिरवत गाळ बुचाशी आणायचा, ही युक्ती तिच्या तळघरात निघाली. दोनशे वर्षं झाली, ती गोष्ट अजून सांगतात, कारण तिच्यात एक अडचण आहे आणि ती सोडवणारं माणूस आहे. दादांचा अठरा एमएमचा मणी याच जातीतला आहे. तो सोडून सूर्यास्त कशाला हवा?

आपल्याकडचंच बघा. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी शातो इंडाज उभी केली. फ्रेंच तंत्रज्ञ आणले, स्पार्कलिंगला नाव दिलं 'ओमर खय्याम', नजर परदेशी बाजारावर. त्या काळात गोष्टही परदेशाकडे तोंड करून सांगितली गेली, त्यात नवल नाही. कंपनी पुढे कर्जात बुडाली, तो भाग वेगळा. सुलाची गोष्ट याच्या उलटी. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, परत येऊन नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर काय लावायचं याची खटपट केली, १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लांक आणि चेनिन लावली, २००० मध्ये पहिली वाईन विकली. नाव आईच्या सुलभा या नावावरून. यात एकही वाडा नाही. नाशिकच्याच यॉर्क वायनरीचं नाव गुरनानींच्या तीन मुलांच्या नावांतून आलंय: योगिता, रवी, कैलाश. तिकडे अकलूजला फ्रातेल्ली वायनरी म्हणजे इटलीचे सेक्ची, दिल्लीचे सेखरी आणि तिथलेच मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या. एका वाक्यात सांगता येतं, ड्रायव्हरसुद्धा पाहुण्याला गाडीतच सांगून मोकळा होतो. तुमचं वाक्य मला तर दिसतंय: 'जन्मभर मणी मोठा करणाऱ्या माणसाने बारीक मण्याची बाग लावली.'

दुसरं जे फक्त आपलं आहे ते छाटणीचं. फ्रान्समध्ये थंडी पडते, वेल झोपतो, वर्षातून एक छाटणी पुरते. आपला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी), आणि पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्च. बाहेरचे वाईनवाले हे ऐकून पुन्हा पुन्हा विचारतात. निफाडच्या पोराला यात काही विशेष वाटत नाही म्हणून कुणी लिहीत नाही. तुम्ही बागेतून लिहा: आज काडी कशी आहे, डोळा फुटला का, डावणी (बुरशीचा रोग) आली का, पहिला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) किती आला. तोडणीची तारीख, त्या दिवशीची साखर आणि त्या दिवशी का तोडली याचं कारण, एवढं दरवर्षी त्याच जागी नोंदवत गेलात तर चार वर्षांनी तुमच्याकडे असं काही असेल जे कुठलीही एजन्सी लिहून देऊ शकणार नाही.

शिराजचं सरळ सांगा. पोर्तुगालमध्ये पोर्ट ही गोड वाईन करणारी घरं सगळ्याच वर्षी 'व्हिंटेज', म्हणजे त्या वर्षाच्या नावाची खास बाटली, जाहीर करत नाहीत, चांगलं वर्ष असेल तरच. तिथे ते अभिमानाने सांगतात, आपण का लपवायचं? 'पाऊस झाला, मणी तडकले, आमच्या नावाने भरण्यासारखी झाली नाही, पुढच्या हंगामाची वाट बघा.' एवढंच. कुणाला दिली ते लिहू नका, त्यांची गोष्ट त्यांना सांगू द्या.

दोन-तीन गोष्टी टाळा. 'हाताने तोडलेली द्राक्षं' लिहू नका, नाशिकात जवळजवळ सगळेच हाताने तोडतात. चवीच्या वर्णनात गूसबेरी, एल्डरफ्लॉवर नको. इथे कुणी खाल्लंय? पेरूचा वास येत असेल तर पेरू लिहा, मोसंबीची साल वाटत असेल तर तसं लिहा, काहीच येत नसेल तर गप्प बसा. आणि 'जागतिक दर्जा' हा शब्द दिसला की मी पुढचं वाचत नाही.

भाषा? बाटलीमागचं आणि वेबसाइटवरचं नेमकं इंग्रजीत. बागेतलं मराठीत, कारण तुम्ही ते मराठीतच बघता. 'खरड छाटणी'चं इंग्रजी करत बसलात तर अर्धी मजा जाईल. मुंबईवाल्याला कळलं नाही तर तो विचारेल, आणि विचारलं की बोलणं सुरू होतं.

सासूबाईंचं आधी त्यांनाच विचारा.

---

शुल्क_आणि_शिक्के

उत्साहात एक विसरू नका. आपल्याकडे दारूची जाहिरात चालत नाही, आणि कायद्याच्या लेखी वाईन दारूच. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा, त्याच्या कलम २४ मध्ये मादक पेयांकडे लोकांना ओढणारी किंवा ती देऊ करणारी जाहिरात छापण्या-दाखवण्यावर बंदी आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आडून केलेली जाहिरातही बसते. म्हणजे 'दोन घ्या एक फुकट', 'वीकेंडला प्यायला या', 'घरपोच' असलं काही पेजवर नको. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट मुक्काम दिला तर त्याने ते उघड सांगायला हवं. कॉर्कस्क्रू, हे तुमच्यासाठी.

'लाल वाईन हृदयाला चांगली' हे तर चुकूनही नको. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनी आरोग्याचे दावे बंद केलेत आणि लेबलवर इशारा बंधनकारक केलाय. अकाउंटला वयाची मर्यादा लावायची सोय इन्स्टाग्रामवर आहे, ती लावा. राज्यात वाईनसाठी वय २१ आहे.

जानेवारी २०२२ आठवतं ना? मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंजुरी दिली आणि केवढा गदारोळ झाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय अमलात आलाच नाही. लोकांच्या मनात हा विषय अजून नाजूक आहे, तेव्हा गावातलं लहान पोर बाटलीशेजारी उभं असलेला फोटो वगैरे अजिबात नको.

छाटणी, माती, हवामान, टाकी कशी चालते यावर माहितीपर लिहायला एवढी धास्ती नाही. तरी पहिले पाच-सहा मजकूर तुमचे परवान्याचे कागद बघणाऱ्या वकिलाला दाखवून घ्या.

---

मुरमाड_नाना

राम राम. मी दिंडोरीकडचा. माझी द्राक्षं वाईनला जातात, नऊ-दहा वर्षं झाली असतील. बाटलीवर कंपनीचं नाव, पाठीमागं डोंगराचं चित्र. माझं नाव कुठंच नाही. एकदा पाहुण्याच्या लग्नात ती बाटली टेबलावर होती, मी पोराला म्हटलं, ही आपली. पोरगं म्हणालं, कशावरनं? बोला आता.

ताई, तुमच्याकडं दुसऱ्या शेतकऱ्याचा माल येत असंल तर त्याचं नाव आन गाव लिहा. पैसे लागत नाहीत त्याला. आन तो शेतकरी तुमची पोस्ट आख्ख्या तालुक्याला दाखवंल, ह्यो फायदा वेगळाच.

आन तोडणी रात्रीची का, ते लिवा. बॅटरी कपाळाला लावून मजूर कामाला लागतो, क्रेट ऊन चढायच्या आत वायनरीत पोचला पाहिजे. माल गरम झाला तर वास उडतो. शहरातल्याला वाटतंय आमी हौसेनं जागतो.

---

निफाडची_सून

सगळ्यांचे आभार. भागीदारांना तळघर काकांचं लिखाण वाचून दाखवलं. एक भागीदार अजून ड्रोनवर अडून आहेत. बघू, एक ड्रोन होऊन जाऊ दे, त्यात प्लॉटच्या रांगा तरी दिसतील.

नाना, आमच्याकडे दादांच्या चुलतभावाचाही एक प्लॉट येतो. त्यांचं नाव लिहायचं ठरलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "शेतावरचं नाव लिहिणार का सातबाऱ्यावरचं?"

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "माझा फोटो नको. पण त्या रात्री पिठलं-भाकरी कोणी केली ते लिही, नाहीतर लोकांना वाटेल हॉटेलातून आणली." म्हणजे परवानगी आहे असं मी धरते.

पहिला मजकूर असा केलाय, बघा:

'चेनिन ब्लांक, खालचा प्लॉट. गोडी छाटणी सप्टेंबरच्या शेवटी झाली. विरळणीत दादांनी या वेळी स्वतः घड कापले, निम्मे कापून थांबले, उरलेले पोरांनी कापले. तोडणी फेब्रुवारीत, रात्री सुरू करून सकाळी आठच्या आत संपवली. रस गार ठेवून स्टीलच्या टाकीत आंबवला. कोरडी आहे, गोड नाही. आम्हाला पेरूचा वास येतो, दादांना येत नाही. शिराज या वर्षी नाही: माल तयार होताना पाऊस झाला आणि आमच्या नावाने भरण्यासारखी वाईन झाली नाही. मजुरांचं जेवण घरचं, पिठलं-भाकरी.'

मोठं झालं का?

---

तळघर

मोठं नाही. दोन बदल करा. तोडणीची नेमकी तारीख आणि ब्रिक्स घाला. 'फेब्रुवारीत' एवढ्यावर पुढच्या वर्षी तुलना करता येणार नाही, आणि तुमच्या वायनरीच्या वहीत दोन्ही असणारच. आणि आंबवताना टाकी किती अंशांवर ठेवली तेही टाका. पांढऱ्या वाईनला साधारण चौदा ते अठरा अंश ठेवतात, तुमच्या वाईनमेकरने त्यात कुठला आकडा धरला आणि का, यावर अर्धा मजकूर आणखी निघेल. तो पुढच्या आठवड्यात.

'दादांना येत नाही' ही ओळ भागीदार काढायला सांगतील. काढू नका.

---

कॉर्कस्क्रू_कोथरूड

मी वाचतो कोण म्हणालो होतो, आणि शेवटपर्यंत वाचलं. शनिवारी उघडं असतं का? आणि पिठलं-भाकरी पाहुण्यांना मिळते का, ते पेजवर घाला. जेवणाची जाहिरात करायला तर बंदी नाही ना, शुल्कसाहेब?

---

शुल्क_आणि_शिक्के

जेवणाला नाही. फोटोत ताटाशेजारी ग्लास ठेवू नका म्हणजे झालं.